निळी भिंत नेमकी कुणाची

माझ्या नातीनं मला रंग उचलायला शिकवलं, आणि त्यापायी पन्नासएक वर्षं नीट दडवून ठेवलेली एक लबाडी चव्हाट्यावर आली. ती लबाडी मी केलेली नाही, असं मी अजूनही म्हणू शकते. ती एकोणीस वर्षांच्या एका दीडशहाण्या पोरीनं केली. ती पोरगी म्हणजे मीच, पण तिचं नि माझं आता फारसं जमत नाही.

ती काय करून बसली ते आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

ती लग्न करून कळंबहून भूमकडच्या या कोरड्या गावात आली. कळंबला धान्याचा बाजार, शाळा, चपलांची तीन दुकानं. त्यामुळं आपण शहरातून खेड्यात आलो, अशी तिची पक्की समजूत. दर दोन वाक्यांमागं 'आमच्या कळंबला' असं सुरू व्हायचं. घरात सासूबाई आणि थोरली जाऊ. जावेला मी अक्का म्हणते. अक्का लोहाऱ्याकडची, कामाला वाघीण, बोलायला कमी. घर माळवदाचं होतं. वर मातीचं सपाट छत, आणि भिंती एवढ्या जाड की खिडकीत मांडी घालून बसता यायचं.

दसऱ्याच्या आधी आमच्याकडं दसरा काढतात. घरातली वाकळ न् वाकळ नदीवर नेऊन धुवायची, डबे घासायचे, आणि भिंतींना पांढऱ्या मातीचा हात द्यायचा. त्या वर्षी दर्शनी भिंत अक्कांकडं होती, आतल्या भिंती माझ्याकडं. सासूबाईंचा नियम एकच, भिंतीला नीळ लावायची नाही. नीळ धोतराला. भिंतीला लावली तर तो माज.

अक्कांनी सकाळी दर्शनी भिंत सारवली आणि सासूबाईंबरोबर वाकळा घेऊन नदीवर गेल्या. घरात उरली ती कळंबची पोरगी आणि घमेल्यात उरलेली माती. तिनं ट्रंकेतून माहेरची निळीची पुडी काढली. आमच्या कळंबला कसं चुन्यात नीळ घालतात, भिंती कशा चांदण्यासारख्या दिसतात, हे या लोकांना एकदा दाखवावं म्हणून पुडी घमेल्यात ओतली. कालवून बघितलं तर रंग काही दिसेना, कारण ओली माती मळकटच दिसते. मग कागदाला चिकटलेलीही झटकली. अक्कांच्या हातावर तिनं आपला दुसरा हात फिरवला. आणि फिरवला तो डावा.

मी डावरी. पण आईनं लग्नाआधी बजावलं होतं, 'सासरी डावा हात दावू नको, लोकं नावं ठेवतील.' म्हणून चारचौघांत सगळं उजव्यानं चालायचं, मग भाकरी वाकडी का होईना. घर रिकामं मिळालं की डाव्याला मोकळीक.

संध्याकाळी सगळे परतले तेव्हा भिंत ओलीच होती, कुणाच्या लक्षात काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं, भिंत वाळली, आणि निळी झाली. चांदण्यासारखी कसली, सरळ जवसाच्या फुलासारखी. गल्लीतली माणसं दातून करत करत येऊन थांबली.

सासूबाईंनी विचारलं, "हे कुणी केलं?"

ती पोरगी तोंडानं एक शब्द खोटं बोलली नाही. तिनं फक्त अक्कांकडं बघितलं. अक्कांनी मान खाली घातली. झालं. भिंत अक्कांची, तेव्हा नीळही अक्कांची. दिवाळीला अक्कांचा भाऊ त्यांना न्यायला आला, तर सासूबाईंनी त्याला चहा पाजून एकट्यालाच परत धाडलं. अक्कांचं त्या वर्षी माहेर बुडालं आणि गल्लीनं त्यांना 'नीळवाली' केलं. इकडं आमची बया कळंबला जाऊन करंज्या खाऊन आली. चार किलो वजन वाढवून आली, तेही मला आठवतं.

पुढच्या दसऱ्याला भिंत पुन्हा पांढरी झाली. वर्षं गेली, माळवद गेलं, त्या जागी स्लॅबचं घर आलं. मी डावरी हेही यथावकाश सगळ्यांना कळलं आणि कुणी नावं ठेवली नाहीत. पण भिंतीचं मी कधी काढलं नाही. अक्का लेकाकडं लोहाऱ्याला राहायला गेल्या. फोनवर आम्ही गुडघ्यांचं बोलत राहिलो.

आता नात. माझ्या लेकाची लेक, एसटीनं भूमला कॉलेजात जाते. घरी आली की कॉम्प्युटरवर गावं वसवते. खेळच आहे तो, पण त्यात मारामारी नाही. रिकामं माळरान मिळतं, त्यावर भिंती उभ्या करायच्या, दारं बसवायची, झाडं लावायची, आणि आपली एक बाहुली करून तिला त्यातून फिरवायची. पाणी लागत नाही, सिमेंट लागत नाही, गवंडी दांडी मारत नाही. अक्का फोनवर तिला एकदा सहज म्हणाल्या, "ते जुनं घर यकदा बघाया मिळालं आस्तं तर बरं झालं आस्तं." पोरीनं ते मनावर घेतलं. येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अवसेच्या सणाला, थोरली आज्जी येणार, तोवर ते घर तिच्यापुढं उभं करायचं.

"आणि दर्शनी भिंत निळी करायची हां," ती मला म्हणाली. "थोरल्या आज्जीची फेमस भिंत."

माझ्या हातातली शेंग खाली पडली.

त्या घराचा एकच फोटो शिल्लक आहे. त्याच वर्षी तुळशीच्या लग्नानंतर धाकट्या दिराचं लग्न झालं, तेव्हा भूमहून आलेल्या फोटोवाल्यानं नवरा-नवरीला त्या भिंतीपुढं उभं केलं होतं. नातीनं तो कॉम्प्युटरवर घेतला आणि मला रंग उचलायची नळी दाखवली. बारक्या लेकराला औषध पाजायची असते तशी नळी. ती चित्रात कुठंही टेकवायची, तिथला रंग ती शोषून घेते. मग भिंतीवर बोट ठेवलं की सगळी भिंत त्या रंगाची.

"आज्जी, तू उचल. घर तुला ठावं हाय."

माझा हात जरा कापतो. मी नळी टेकवली ती दिराच्या मिशीवर. भिंत काळीकुट्ट झाली. दुसऱ्यांदा नवरीच्या दातावर टेकवली. तिसऱ्यांदा नेमकी भिंत सापडली, तर भिंत राखाडी.

"फोटोच काळापांढरा हाय," नात म्हणाली. "निळं येणार कुठनं?"

मला मनातून बरं वाटलं. म्हटलं, पुरावा नाही म्हणजे खटला नाही. पण पोरगी हटणारी नव्हती. तिनं रंगांचं एक मोठं चाक उघडलं. त्यात निळेच शंभर. शाळेच्या गणवेशाचा निळा, पाण्याच्या टाकीचा निळा, एसटीच्या सीटचा निळा. मी म्हटलं, यातला एकही नाही, त्याच्यासाठी जवस फुललेलं पाहिजे. मार्गशीर्ष चालू होता, ज्वारीच्या कडेला आमचं जवस फुललंच होतं. लेकाला फोटो काढून आणायला सांगितलं. नळी पाकळीच्या सावलीत टेकली तर जांभळा, उन्हात टेकली तर पांढरट. एकाच फुलात इतके निळे, आणि मी जन्मभर त्याला एकच रंग समजत होते. शेवटी पाकळीच्या मध्यावर बसलेला एक ठिपका मी उचलला. भिंत निळी झाली. मला एकदम ती दातून करणारी माणसं दिसली.

"पर ही भिंत प्लास्टिकची वाटती," नात म्हणाली. "हिला पोत पाहिजे."

पोत म्हणजे भिंतीचं अंग. कुठं खरखरीत, कुठं गुळगुळीत, हात फिरलेला कुठून कुठं. तिच्या खेळात पोतांची एक पेटी आहे. त्यात विटा आहेत, लाकूड आहे, परदेशातला दगड आहे, पण सारवण नाही. मग तिनं मला एक फळी दिली, पांढरी माती कुठून तरी मिळवली, आणि म्हणाली, सारव. मी सारवली. फळी वाळायला अंगणात ठेवली, तिचा फोटो काढला, आणि तो फोटो फरशीसारखा भिंतीवर एकाशेजारी एक मांडला. फळीवर एक मुंगळा चालत होता, तो दोघींनाही दिसला नव्हता. भिंतीवर त्याची पलटण झाली. रांगेत चाळीस मुंगळे, सगळ्यांचा डावा पाय वर.

"राहू दे की," मी म्हटलं. "माळवदाच्या घरात मुंगळे असायचेच."

"ओळीनं नसतील आसत, आज्जी."

तिनं दुसरा फोटो काढला. भिंत छान झाली. हाताचे अर्धचंद्र एकावर एक, माशाच्या खवल्यांसारखे. मग खरं-खोटं बघायला तिनं लग्नाचा फोटो मोठा केला. दिराच्या कानामागं भिंतीचा तुकडा दिसत होता. रंग नव्हता, पण हाताच्या वळ्या लख्ख होत्या. तिनं एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं.

"आज्जी, तुझ्या फळीवरल्या वळ्या डाव्या हाताच्या. फोटोतल्या बी डाव्या हाताच्या."

"बरं."

"थोरली आज्जी उजवी हाय."

मी म्हटलं, दूध उतू जाईल. चुलीवर दूध नव्हतं. ती हसली आणि म्हणाली, "तू केलीस व्हय ती भिंत?"

सगळं सांगितलं मग. ऐकून पोरगी पोट धरून हसली, आणि हसून झाल्यावर म्हणाली, "मंग आता थोरल्या आज्जीला काय सांगायचं? त्या सारवणातल्या बाई हायेत, वळ्या बघून वळखतील."

"तुझ्या त्या पेटीत काही इलाज नाही का?"

"हाय की. आरशातल्यावाणी उलटं करायचं बटण हाय. डावं ते उजवं हुतंय."

चांगली माणूस असते तर मी म्हटलं असतं, नको, आता खरं काय ते सांगू. मी म्हटलं, "दाब."

तिनं दाबलं. वळ्या उलट्या फिरल्या. भिंत अक्कांची झाली. एवढं सोपं असतं हे तेव्हा कळलं असतं, तर त्या पोरीनं काय काय उलटं करून ठेवलं असतं, देव जाणे.

अक्का येळवसेच्या आदल्या दिवशी आल्या. येळवस शेतात झाली, भज्जी-आंबील खाऊन सगळे पेंगले. दुसऱ्या दिवशी सकाळी नातीनं कॉम्प्युटर टीव्हीला जोडला आणि घरातले सगळे, सुना, लेकरं, पुतणे, चटईवर बसले. अक्कांना खुर्ची दिली. त्यांनी चष्मा पुसला.

बाहुली वेशीतून चालत आली, वळली, आणि भिंत समोर आली.

अक्कांनी खुर्ची पुढं ओढायला लावली, इतकी पुढं की टीव्हीला नाक लागेल.

"हात बघ की," त्या म्हणाल्या. "माझाच हात हाय हा. बारका फिरायचा माझा हात."

पुतण्या, अक्कांचाच लेक, म्हणाला, "काय भिंत होती आई. रंग तर बघा."

सून म्हणाली, "आता असला रंग दुकानात मागितला तर दाखवतील का?"

एक म्हणे वळ्या बघा, दुसरा म्हणे कसली नजर. अक्का हळूहळू सरळ होऊन बसल्या. खुर्चीत एखाद्या सरपंच बाईसारख्या दिसायला लागल्या. आणि मला काय झालं असेल, तर पश्चात्ताप वगैरे काही नाही. मला मत्सर झाला. डागाळलेली भिंत होती तोवर ती अक्कांची असायला माझी ना नव्हती. पण कौतुकाची भिंत झाल्यावर मला ती सहन होईना.

"अक्का," मी म्हटलं, "तो हात माझा आहे."

सगळे माझ्याकडं वळले. मी सांगून टाकलं. पुडी, घमेलं, डावा हात. नातीला म्हटलं, बटण दाब. वळ्या डावीकडं वळल्या. मग फोटो दाखव म्हटलं. दिराच्या कानामागं त्याच वळ्या. माझ्या मनात होतं, आता अक्का रडतील किंवा मला शिव्या देतील, दोन्हीची तयारी होती.

अक्का म्हणाल्या, "फोटो उलटा छापला आसंल."

"अक्का, नवरदेवाच्या कोटाची गुंडी बघा, सुलटाच आहे."

"मंग कोट उलटा शिवला आसंल."

लेकरं खिदळली. अक्का नाही हसल्या. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडं बघून, आवाज न चढवता म्हणाल्या, "दिवाळीला माझा भाऊ आल्ता न्ह्यायला. सासूबाईनी परत धाडला. मी दारात हुबी राहून बघत हुते. रस्त्याला लागल्यावर त्यो थांबला, माघारी फिरून बघितला आन् वरडून म्हणला, अक्का, तुजं घर लांबनं दिसतंय. माझ्या म्हेरी समद्यास्नी त्यानं सांगितलं, आमच्या अक्काचं घर एसटीतनं दिसतंय. मरोस्तर सांगायचा. आन् तू आज म्हणतीस, भिंत तुजी."

मी इतकी वर्षं समजत होते, की मी त्यांच्यावर आळ ढकलला. त्यांनी त्याचं काय केलं होतं, ते मी कधी विचारलंच नाही.

"पण अक्का," मी म्हटलं, "तुम्ही तेव्हा मान का खाली घातली? नाही म्हणायचं होतं."

अक्कांनी चष्मा परत लावला. जरा वेळ काच नीट करत बसल्या.

"म्या बी टाकली हुती," त्या म्हणाल्या.

"काय?"

"पुडी. सासूबाईंच्या चोरून. तू कळंबचं सांगून सांगून डोस्कं उठवलं हुतं माझं. म्हणलं बघावं तरी. मला वाटलं माझ्याच पुडीनं झाली निळी."

सासूबाईंच्या नियमाला घरातल्या दोन्ही सुनांनी एकाच दिवशी, एकाच घमेल्यात हरताळ फासला होता, आणि दोघींनाही दुसरीचा पत्ता नव्हता.

नात म्हणाली, "थांबा, बघूया." रंगाच्या चाकाखाली एक पट्टी असते, ती सरकवली की रंग फिका-गडद होतो. तिनं ती अर्ध्यावर आणली. "ही यकाच पुडीची भिंत."

भिंत पांढरी दिसायला लागली. नीट बघितलं तर निळसर, ताकाच्या निवळीसारखी. अशी भिंत सासूबाईंच्याही लक्षात आली नसती, गल्ली थांबली नसती, फोटोवाल्यानं नवरा-नवरीला कडुनिंबाखाली उभं केलं असतं. आणि रस्त्यावरून काही दिसलं नसतं.

आम्ही दोघी बघत राहिलो.

"ही कुणाची बी नकू," अक्का म्हणाल्या. "कर पुरी."

नातीनं पट्टी पुरी केली.

आता राहिला प्रश्न हाताचा. नात म्हणाली, तिच्या खेळात एका पोतावर दुसरा पोत चढवता येतो, वरचा थोडा पारदर्शक ठेवायचा, म्हणजे खालचा दिसतो. खरी भिंतही तशीच होती की, खाली अक्कांचा हात, वर माझा. अक्कांनी लगेच फळी मागितली. गुडघे दुखतात म्हणून पाट घेऊन बसल्या, मला माती कालवायला लावली. "पातळ केलीस," म्हणाल्या. "कळंबला आशी पातळ करत्यात व्हय?" उजव्या हातानं त्यांनी फळी सारवली. खरंच बारका फिरतो त्यांचा हात. माझ्यापेक्षा सुबक. हे मी त्यांना सांगितलेलं नाही आणि तुम्हीही सांगू नका.

भिंतीवर दोन्ही हात आले. वरचा किती पारदर्शक ठेवायचा, त्याचीही एक पट्टी आहे. अक्कांनी उंदीर हातात घेतला, कॉम्प्युटरचा, आणि पट्टी एवढी सरकवली की माझा हात धुक्यात गेला. मी परत आणली. त्यांनी परत नेली. जेवायच्या वेळेपर्यंत हेच चाललं होतं. सून दोनदा ताटं घेऊन येऊन गेली.

अक्का एसटीनं लोहाऱ्याला गेल्या त्याला आता महिना झाला. पुतण्यानं त्यांच्या फोनवर तो खेळ घातलाय, त्यामुळं तेच घर त्यांनाही तिथून बदलता येतं. त्या गेल्या-गेल्या मी पट्टी जराशी माझ्याकडं ओढली होती, म्हणजे अगदीच जराशी. दुसऱ्या दिवशी बघते तर ती त्यांच्याकडं. चार दिवस असं झाल्यावर नातीनं भिंतीला कुलूप घातलं. मी तिला शेंगदाण्याचा लाडू दिला, पन्नासची नोट दाखवली, तिच्या आईला काय काय सांगेन त्याची धमकीही दिली. पोरगी म्हणते, दोघींनी मिळून मागितलं तरच उघडीन, एकीला न्हाय.

म्हणून काल मी लोहाऱ्याला फोन लावला. अक्का म्हणाल्या, त्याही लावणारच होत्या. पट्टीवर आमचं काही जमलं नाही. पण खिडकीखालचा तुकडा अजून फिका आहे, यावर मात्र दोघींचं एकमत झालंय, आणि तेवढ्यापुरतं कुलूप उघडायला सांगायचं ठरलंय. एकदा उघडलं की मग बघू.